चार हजार एकशे तीस

१

बुधवारी संध्याकाळी दादा दुरुस्त झालेला फोन घेऊन घरी आला, नेहमीप्रमाणे आईला आकडा वाचून दाखवायला बसला आणि वाचता वाचता थांबला.

"चारशे सत्तर," तो म्हणाला.

"पुढचं वाच," आई म्हणाली.

पुढे काही नव्हतंच. असायला हवे होते चार हजार सहाशे.

चौकशी तेव्हा टेबलापाशी भूगोलाचा नकाशा रंगवत होती. हे नाव दादानेच पाडलेलं. लहानपणी ती प्रश्न विचारून विचारून त्याचं डोकं खायची, तेव्हा तो म्हणाला होता, बाई गं, तू स्टेशनावर जाऊन चौकशीच्या खिडकीत बस. आता ती सोळाची होती, खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

आई ज्या कारखान्यात कामाला होती तिथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतल्या जायच्या. कुठली चादर कोणाची, हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात पक्क्या शाईने नंबर घालायचा, हे आईचं काम. नऊ महिन्यांपूर्वी मालकाने एक दिवस जाहीर केलं, की यापुढे पगार नोटांत नाही, बँकेतही नाही. पगार कॉइनमध्ये. फोनमध्ये एक पाकीट, पहिल्या तारखेला त्यात कॉइन येऊन पडणार. हवे तेव्हा मोडा, हवे तेवढे ठेवा. प्रत्येक पाकिटाला बारा शब्दांची किल्ली. ते बारा शब्द ज्याच्याकडे, त्याला ते पाकीट जगातल्या कुठल्याही फोनवर उघडता येणार. ते हरवले आणि फोनही गेला, तर पाकीट कायमचं बंद, मालक आला तरी उघडायचं नाही.

आईने मोडले फारच थोडे. घर दादाच्या पगारावर चालायचं. तो कारखान्याची गाडी भरायचा आणि त्याचा पगार वाहतुकीच्या ठेकेदाराकडून अजून रोख यायचा. आईचे कॉइन साठत होते ते तिच्या डोळ्यांसाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते आणि ऑपरेशनची नऊ तारीख ठरली होती. नंबर घालणाऱ्या बाईला नंबर दिसेनासा झाला, तर दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत दुसरी बसते, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

दादाने नोंद उघडली. मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चार हजार एकशे तीस कॉइन बाहेर गेले होते. कुठे, तर एका लांबलचक पत्त्यावर, ज्याला नाव नव्हतं.

मागच्याच आठवड्यात दादाने आईकडे मोठी गाडी चालवायच्या परवान्यासाठी पैसे मागितले होते. ती नाही म्हणाली होती. सोमवारी फोन पडून फुटला तो दादाच्याच हातून. दुरुस्तीला नेला तो दादाने. फोनचा आकडी कोड माहीत होता तोही दादालाच.

आईने त्याला काहीही विचारलं नाही. जेवायला वाढलं, त्याच्याकडे न बघता. शुक्रवारी दादा कामावरून आला, दोन शर्ट आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं आणि गाड्यांच्या आगारात मुलं राहतात तिथे राहायला जातो म्हणाला. "तिथून कामावर जायला बरं पडतं," असं त्याने भिंतीला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

२

शनिवारी शाळा सुटल्यावर चौकशी थेट मोबाईलवाल्याकडे गेली.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यायचा. कारखान्यातली निम्मी माणसं कॉइन मोडून रोख घ्यायला त्याच्याकडेच यायची आणि तो शंभरामागे तीन कापून घ्यायचा. एवढं माहीत असल्यावर कोणाचाही पहिला संशय त्याच्यावर जावा, तसा तिचाही गेला होता. सोमवारपासून बुधवारपर्यंत फोन त्याच्याकडेच तर होता.

"आलात का फौजदारसाहेब," तो म्हणाला. दादाने त्याला आधीच सांगितलेलं दिसत होतं. "बेड्या आणल्यात की मी माझ्या देऊ?"

तिने विचारलं, मंगळवारी दुपारी फोन कुठे होता. त्याने डोळ्यावरचं भिंग न काढता एक वही तिच्याकडे सरकवली. सोमवारी संध्याकाळी फोन आत आला. काच आणि पडदा दोन्ही गेलेले. नवा पडदा बुधवारी सकाळी अकराला आला, पावती चिकटवलेली होती. मधल्या काळात फोन कसा होता तेही त्याने तिला दाखवलं, म्हणजे तसलाच दुसरा एक उघडून: पडदा नाही, बॅटरी बाजूला, हिरवी पट्टी उघडीबोडकी.

"याच्यातून कॉइन काढायचे म्हणजे, डोकं काढून ठेवलेल्या माणसाला जेवायला घालण्यासारखं आहे," तो म्हणाला.

चौकशीने यावर जरा विचार केला. फोन मेलेला होता. म्हणजे आकडी कोड माहीत असून काही उपयोग नव्हता. कॉइन गेले ते दुसऱ्याच फोनवरून. आणि दुसऱ्या फोनवर पाकीट उघडायचं, तर एकच रस्ता.

दादाला कोड माहीत होता. बारा शब्द नव्हते.

ती धावत घरी आली आणि आईला हे सगळं एका दमात सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शब्द घरातच होते. बघायला कितीसा वेळ लागतो."

३

बारा शब्द आईच्या अ‍ॅप्रनमध्ये होते. कारखान्यातल्या माणसांचा कागदावर विश्वास नसतो. चार खेपा धुतला की कागदाचा लगदा होतो, पण पक्की शाई कापडाला मरेपर्यंत सोडत नाही. म्हणून आईने शब्द लिहिले ते अ‍ॅप्रनच्या कमरपट्टीच्या आतल्या बाजूला, मग पट्टी दुमडली आणि शिवून टाकली. रविवार सोडून तो अ‍ॅप्रन तिच्या अंगावर असायचा, आणि रविवारी घरात खुंटीला.

रविवारी घरी कोण असायचं? दादा.

चौकशीला हे पटलं नाही, पण पटत नाही एवढ्यावर कोणी सुटत नाही. सोमवारी दुपारी ती कारखान्यात गेली. शाळेत पोट दुखतंय सांगितलं होतं.

मुकादमाची खोली काचेची होती. सगळ्यांच्या फोनवर पाकिटं उघडून दिली ती त्यानेच, तेव्हा शब्द पडद्यावर येताना तो तिथेच होता. तिने विचारल्यावर त्याला राग आला नाही, उलट हसू आलं. म्हणाला, शब्द येण्याआधी मी खोलीबाहेर जाऊन काचेकडे पाठ करून उभा राहायचो, कोणालाही विचार. तिने धुलाईवरच्या तीन बायकांना विचारलं. तिघींनी तेच सांगितलं. एक तर म्हणाली, पाठ करून उभा राहिला तेवढा वेळच तो माणसात आल्यासारखा वाटला. शिवाय त्याच्याकडे अडतीस पाकिटांचे शब्द असते, तर त्याने एकट्या आईवरच मेहेरबानी का केली असती?

"तुमचे किती साठले?" तिने जाता जाता विचारलं.

"माझे?" मुकादम म्हणाला. "मला बँकेत मिळतो पगार."

खोलीच्या दारावर कामाचे महिन्याचे दर लावलेले होते. धुलाई पाचशे चाळीस. खुणा पाचशे साठ. दाब पाचशे नव्वद, आणि त्यापुढे कंसात एक, कारण दाबाच्या मशिनवर माणूस एकच. तिने सवयीने सगळं वहीत उतरवून घेतलं. भाजीवाल्याने हिशेब सांगितला तरी ती उतरवून घ्यायची.

दाबाच्या मशिनवर इस्त्रीकाका होते. वीस वर्षं तिथेच. आईला या नोकरीला त्यांनीच लावलं होतं, आणि चौकशी लहान असताना कारखान्यात आली की गरम चादरींच्या ढिगावर तिला बसवायचे तेही तेच. या वेळी त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि शाळा बुडवल्याबद्दल अर्धवट रागावले. ते पूर्वीपेक्षा वाळले होते. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल लोंबत होती.

"दादा घर सोडून गेला," ती म्हणाली. "आईला वाटतं, त्यानेच घेतले."

मशिनची वरची पाटी वाफ सोडत खाली आली, वर गेली. समोरून एक पोरगी चादर घेऊन आली आणि विचारू लागली, काका, ही कोणाची, खुणेची बाजू आत गेलीय. काकांनी चादर न उलटता, मागून फिकट दिसणाऱ्या उलट्या अक्षरांवरून नंबर सांगितला. पोरगी गेली.

"तो पोरगा तसा नाही," काका म्हणाले. बोलताना ते चौकशीकडे नाही, मशिनकडे बघत होते.

४

त्या संध्याकाळी चौकशीने अ‍ॅप्रन खिडकीशी धरला.

दादाने पट्टी उसवून शब्द वाचले असतील, तर त्याला ती पुन्हा शिवावी लागली असती. दादाचं शिवणकाम घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याने शिवलेलं बटण दोन दिवसांत पळून जायचं. पट्टीवरचे टाके मात्र मुंगीच्या रांगेसारखे होते. नऊ महिन्यांपूर्वीच्या आईचे. आताच्या आईला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

पण खरी गंमत रंगात होती. अ‍ॅप्रन निळा होता आणि दोरा त्याच निळ्याचा. दर शनिवारी धुऊन धुऊन कापड विटलं होतं. आणि दोरा? चौकशीने शिवणाच्या डब्यातलं तेच रीळ काढून शेजारी धरलं. रीळ गडद. टाके फिके, अगदी कापडाइतके फिके. एकही टाका दुसऱ्यापेक्षा नवा नव्हता.

म्हणजे ही पट्टी शिवल्या दिवसापासून कोणीच उसवली नव्हती. दादाने नाही, खुंटीजवळून गेलेल्या कोणीच नाही.

मग शब्द बाहेर पडले ते पट्टी शिवण्याआधी.

तिने आईला समोर बसवलं. आई आधी वैतागली, मग सांगू लागली. दुपारच्या सुट्टीत खुणांच्या टेबलावर एकटी बसून लिहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिथेच सुईदोरा काढून शिवून टाकले.

"लिहिलं आणि शिवलं? मध्ये काहीच नाही?"

"मध्ये काय असायचं?"

"आई, ओली शाई दुमडली तर पसरते ना?"

"पसरेल कशी? दाबून आणलं होतं की."

आईने हे असं सांगितलं, की जणू पाणी पिऊन आले म्हणावं. खूण घातली की ती गरम पाटीखाली दाबून पक्की करून आणायची. दिवसात दोनशे वेळा ती हेच करायची. ते तिला वेगळं काम वाटतच नव्हतं. कोणी विचारलं, तू शब्द कोणाला दाखवलेस का, तर ती छातीठोकपणे नाही म्हणणार, आणि तिच्या दृष्टीने ते खरं होतं.

"काकांनी वाचलं नाही," ती घाईने म्हणाली. "मी वर पांढरं फडकं घातलं होतं. माझ्या हाताने."

"आणि ते फडकं कुठे गेलं?"

ओल्या शाईवर फडकं ठेवून वर गरम पाटी दाबली, तर फडक्याचं काय होतं, हे आईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? शब्द उमटतात. उलटे, पण उमटतात. आणि उलटं वाचायला इस्त्रीकाकांना आरसा लागत नाही.

"नाही," आई म्हणाली. "ते नाही. काहीतरी बोलू नकोस."

५

फडकं काकांकडे राहिलं असलं, तरी एवढ्यावर ते चोर ठरत नव्हते. शब्द नऊ महिन्यांपूर्वीचे आणि चोरी आत्ताची. इतके दिवस ते गप्प का बसले? आणि चोराने चारशे सत्तर मागे का ठेवले? चोर कधी सुट्टे पैसे परत देतो का?

हा आकडाच चौकशीला छळत होता. चार हजार नाही, साडेचार नाही. चार हजार एकशे तीस.

मंगळवारी ती पुन्हा जिन्याखालच्या खोबणीत जाऊन बसली. कॉइनची वही जगात सगळ्यांना उघडी असते, हे मोबाईलवाल्यानेच तिला सांगितलं होतं. नावं नाहीत, पण कुठल्या पाकिटातून किती कुठे गेले, ते दिसतं. त्याने तिला मालकाचं पाकीट उघडून दिलं, कारण पगार तिथूनच सुटायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अडतीस पत्त्यांवर अडतीस पगार. तिने वहीतले दर समोर ठेवले. पाचशे नव्वद दर महिन्याला फक्त एकाच पत्त्यावर जात होते.

सात महिने त्या पत्त्यावर पाचशे नव्वद गेले. आठव्या महिन्यापासून तिथे जाणं बंद झालं आणि पाचशे नव्वद एका नव्याच पत्त्यावर जाऊ लागले. आणि जुन्या पाकिटातून? आजपर्यंत एक कॉइनही बाहेर पडला नव्हता. सात पगार जसेच्या तसे पडून होते.

तिने कागदावर गुणाकार केला. मग मोबाईलवाल्याला करायला लावला. तो पहिल्यांदाच काही विनोद न करता म्हणाला, "चार हजार एकशे तीस."

"माणूस सात महिन्यांचा पगार सोडून नवं पाकीट का उघडतो?"

"सोडत नाही कोणी," तो म्हणाला. "हरवतो."

दुपारच्या सुट्टीत मशिन बंद होतं. काका स्टुलावर बसून डबा खात होते. चौकशीने काही प्रस्तावना केली नाही. कागद त्यांच्यासमोर ठेवला. आदल्या रात्रीपासून तिने एक भाषण पाठ केलं होतं, अगदी शेवटच्या वाक्यावर बोट रोखण्यापर्यंत. काकांनी कागदावरचा आकडा पाहिला आणि डब्याचं झाकण लावलं, आणि तिला त्या भाषणातला एक शब्दही आठवेना.

"फोन गटारात पडला," ते म्हणाले. "शब्द शर्टाच्या खिशात होते, कागदावर. तो शर्ट मीच धुवायला टाकला. सगळ्यांची शाई पक्की करून देणारा मी."

मुकादमाकडे ते तीनदा गेले होते. मुकादमाने त्याच्या फोनवर त्यांना त्यांचं पाकीट दाखवलं. म्हणाला, काका, तुमचे पैसे कुठे गेलेत, हे काय, इथेच तर आहेत. काका रोज एकदा ते बघायचे. सगळेच्या सगळे तिथे होते. हात लागत नव्हता.

फडकं त्यांनी तेव्हा फेकून द्यायला हवं होतं. शब्द दिसले म्हणून बाजूला ठेवलं, आईला परत देऊ म्हणून; मग राहिलं. पुढे हे झालं. इस्त्रीच्या दुकानासाठी बघितलेला गाळा हातचा जायची वेळ आली, आणि एका दुपारी त्यांनी आपल्या नव्या फोनवर ते बारा शब्द घातले.

"माझे गेले तेवढेच घेतले. एकही जास्त नाही," ते म्हणाले. हे सांगताना ते तिच्याकडे असं बघत होते, जणू यात काहीतरी बरोबर आहे असं तिने म्हणावं.

"दादाचं काय?" ती म्हणाली.

काकांनी तोंडावरून हात फिरवला. "आज बोलतो, उद्या बोलतो, असं चाललं होतं," ते म्हणाले. "पोरी, मी बोलणार होतो."

६

संध्याकाळी काका स्वतः घरी आले. बाराशे गाळ्याच्या विसाराला गेले होते आणि विसार परत मिळत नाही. उरलेले दोन हजार नऊशे तीस त्यांनी आईच्या पाकिटात घातले, चौकशीने आकडा वाचून दाखवला. मधल्या एका आठवड्यात कॉइनचा भाव तिसऱ्या हिश्शाने घसरला होता. म्हणजे आता एकाच डोळ्याचं ऑपरेशन होणार होतं. तक्रार करायची तर कर, असं काका म्हणाले. आईने त्यांना बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, की माझ्याकडे मागितले असते तर मी अर्धे दिले असते. काका जिना उतरून गेले, तेव्हा ती दाराशीच उभी होती.

चौकशी मात्र हवेत होती. कोडं सुटलं होतं, एकटीने सोडवलं होतं, आणि बुधवारी शाळा सुटताच ती आगारात पोचली ती जवळजवळ उडतच. दादा गाडीत गाठोडी चढवत होता. तिने त्याला मेलेला फोन, दोरा, फडकं, गुणाकार, सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, एकदा तर तिच्या डोक्यावर टपलीही मारली. मग दुसरं गाठोडं उचललं.

"चल ना मग घरी," ती म्हणाली.

"तिने मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं," दादा म्हणाला. "तिने विचारलंच नाही गं."

इतके सगळे धागे जुळवले होते तिने, आणि हा धागा त्यांच्यातला नव्हताच. ती घरी गेली आणि दादाचे शब्द तिने जसेच्या तसे आईला सांगितले, कारण गाळून सांगायची तिला सवय नव्हती.

गुरुवारी आईने अर्धा दिवस रजा टाकली. दोघी आगारात गेल्या तेव्हा माल भरायची वेळ होती आणि एकाच खाकी गणवेशातले सात-आठ जण गाड्यांमधून ये-जा करत होते. ऊन डोळ्यांवर येत होतं. आई पुढे गेली, एका उंच मुलासमोर उभी राहिली आणि त्याचा हात धरला.

"माझं चुकलं," ती त्याला म्हणाली. "मी तुला विचारायला हवं होतं."

तो मुलगा गोंधळून इकडेतिकडे बघू लागला. चौकशीने तोंड उघडलं, पण दादा दोन गाड्यांपलीकडे उभा होता आणि त्याने तिला हाताने थांबवलं. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आई, मी इकडे आहे."

आईने त्या मुलाचा हात सोडला. आवाजाच्या दिशेने वळली, आणि जे बोलली होती ते पुन्हा पहिल्यापासून बोलली.

"हो," दादा म्हणाला. "विचारायला हवं होतंस." मग, "नऊ तारीखच ना?"

"नऊ."

"रजा टाकतो. मी घेऊन जाईन तुला."

"आणि घरी?"

"ऑपरेशनला येतो म्हटलं ना."

कोणीतरी त्याला हाक मारली. तो गेला. आई तो गेला त्या बाजूला बघत राहिली, जरी तिला तिथे काय दिसत होतं कोण जाणे. चौकशीने तिचा दंड धरला आणि आगाराच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या, त्या तिला एक एक करून सांगितल्या.